पॉज केलंय, ये तुझं उरकून

ताई, नमस्कार.

तुमचं सदर मी नेमाने वाचते, पत्र मात्र पहिल्यांदाच लिहितेय. विषय तसा किरकोळ आहे, कदाचित हसाल.

मी ५४ वर्षांची. माहेर शनिवार पेठेतलं, लग्नानंतर चिंचवडला आले. आमचे मिस्टर गेल्या वर्षी कारखान्यातून रिटायर झाले. मुलगा-सून बंगळुरूला असतात. घरी आम्ही दोघं आणि ८१ वर्षांच्या सासूबाई. २०२५च्या दसऱ्याला मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला म्हणून मिस्टरांनी ६५ इंची टीव्ही आणि साऊंडबार घेतला. तेव्हापासून थिएटर बंद.

त्यांचं म्हणणं, कुठलाही पिक्चर आठ आठवड्यांत घरी येतो, मग दोघांचे हजार-बाराशे कशाला घालवायचे? त्यात पार्किंग, त्यात पॉपकॉर्न. शिवाय घरी हवं तेव्हा थांबवता येतं. हे सगळं पटतं मला. तरी घरी पिक्चर पाहिल्यासारखं वाटतच नाही. परवाच्या शनिवारचं सांगते. साडेसहाला पिक्चर लावला. कुकर लावलेला होता, तो बंद करायला उठले. मग सासूबाईंची गोळी. मग बेल वाजली, इस्त्रीवाला. मग मुलाचा फोन. मग मिस्टरांनाच चहा हवासा झाला. ते बिचारे दर वेळी थांबतात. म्हणतात, ‘पॉज केलंय, ये तुझं उरकून.’ मध्ये जेवणं झाली. साडेदहाला पिक्चर संपला तेव्हा हे घोरत होते आणि शेवटी कोण कुणाला का मारतं ते मला कळलंच नाही. चित्रही कसंतरी दिसतं, मालिकेसारखं. गाणी कानठळ्या बसवतात आणि बोलणं ऐकू येत नाही.

माझ्या मैत्रिणी बुधवारी दुपारच्या शोला जातात, मलाही बोलावतात. मिस्टर ‘जा की’ म्हणतात, पण असं तोंड करून की पाय निघत नाही. एवढा महागाचा टीव्ही आणून ठेवलाय आणि हिला थिएटर हवंय, असा भाव. मी उधळी आहे का? हट्ट सोडून द्यावा का?

ता. क. मला शुगर आहे. थिएटरात घरचं खाणं, पाणी नेऊ देतात का? मागे एकदा गेटवर पिशवी तपासून डबा बाहेर ठेवायला लावला होता.

– नाव छापू नये, चिंचवड

•

नमस्कार.

उधळ्या तुम्ही नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

आणि लगेच तुमच्या यजमानांची बाजू घेते. चित्राच्या बाबतीत ते बरोबर आहेत, कदाचित त्यांना वाटतं त्याहूनही जास्त. तुमचा टीव्ही फोर-के असणार, म्हणजे आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके. आपल्याकडच्या कित्येक थिएटरांतले प्रोजेक्टर अजून टू-के आहेत, आडवे २०४८ ठिपके. एवढा थोरला पडदा, पण ठिपके तुमच्या भिंतीवरच्या टीव्हीपेक्षा कमी. त्यातून प्रोजेक्टरचा दिवा म्हातारा झालेला असला की रात्रीचे प्रसंग गोणपाटातून पाहिल्यासारखे दिसतात, आणि त्याबद्दल कुणाकडे तक्रार करायची हे आपल्याला कधीच कळत नाही.

मग तुमच्या घरी चित्र मालिकेसारखं का दिसतं? दोष सिनेमाचा नाही आणि तुमच्या डोळ्यांचाही नाही, टीव्हीच्या सेटिंगचा आहे. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो. नव्या टीव्हींमध्ये हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय असते, ती या चौकटींच्या मध्ये स्वतःच्या पदरच्या चौकटी भरते. क्रिकेटला ठीक आहे ते. सिनेमात मात्र राजवाडासुद्धा स्टुडिओतल्या सेटसारखा दिसायला लागतो. प्रत्येक कंपनीने या सोयीला वेगळं नाव ठेवलंय, पण पिक्चर सेटिंगमध्ये ‘मोशन’ असा शब्द कुठेतरी दिसेल, ते बंद करायचं. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर आणखी सोपं. २०१९ मध्ये तो जाहीर झाला आणि २०२० पासून बऱ्याच कंपन्यांनी तो द्यायला सुरुवात केली. तो लावला की असले सगळे उपद्व्याप एकदम बंद होतात. सुरुवातीला चित्र पिवळट आणि मंद वाटेल, पण आठवडाभर तसंच राहू द्या. नंतर शोरूममधला तो भडक निळा रंग तुमचा तुम्हालाच सोसणार नाही.

आवाजाचंही तसंच. थिएटरात कुजबुज आणि स्फोट यांच्यात मुद्दाम मोठं अंतर ठेवलेलं असतं, कारण तिथे आजूबाजूला शांतता असते आणि आवाजाची पातळी मोजून बसवलेली असते. तेच ध्वनिमिश्रण आपल्या हॉलमध्ये आलं की पंखा, मिक्सर आणि रस्त्यावरचे हॉर्न यांतून कुजबुज ऐकण्यासाठी आवाज वाढवायचा आणि गाणं लागलं की रिमोट शोधायचा. साऊंडबारच्या रिमोटवर बहुधा ‘नाईट’ आणि ‘व्हॉइस’ किंवा ‘डायलॉग’ अशी बटणं असतात. नाईटने मोठे आवाज दबतात, व्हॉइसने बोलणं वर येतं. सासूबाई शेजारी बसत असतील तर दोन्ही लावूनच ठेवा.

आणि सोफा कुठे आहे? आपल्याकडे सोफा या भिंतीला, टीव्ही त्या भिंतीला आणि मधल्या मैदानात टीपॉय, अशी रीत. ६५ इंची टीव्ही आडवा साधारण १४४ सेंटीमीटर भरतो, म्हणजे पावणेपाच फूट. नऊ फुटांवर बसलात तर तो डोळ्यांपुढे ३० अंशांचा कोन व्यापतो, आणि घरच्या सिनेमाला किमान तेवढा तरी धरतात. चौदा फुटांवर हाच कोन वीसच्याही खाली जातो. मग ६५ काय आणि ४३ काय. सिनेमापुरता सोफा पुढे ओढा, नंतर मागे लोटा. हे सगळं यजमानांवर सोपवा. कारखान्यात जन्म गेलेल्या माणसाला मेन्यूत शिरून काहीतरी दुरुस्त करायला मिळालं की दोन दिवस तो खुशीत असतो.

पण चित्र आणि आवाज सुधारला तरी तुमचं दुखणं जाणार नाही.

तुमच्या पत्रातला शनिवारचा पाढा मी पुन्हा वाचला. कुकर, गोळी, बेल, फोन, चहा. यातल्या प्रत्येक वेळी उठलं कोण? यजमान एकदाही नाही. ते पॉज करतात, आणि ते तुमच्या सोयीसाठीच करतात याबद्दल मला शंका नाही. पण पॉज आहे म्हणूनच तुम्हाला कधीही उठवता येतं, हे त्यांच्या ध्यानात आलेलं नाही. तुमच्याही आलं असेल असं दिसत नाही, कारण एवढं सगळं होऊन तुम्ही त्यांनाच ‘बिचारे’ म्हणताय! त्यांची नोकरी संपली तशी त्यांच्यासाठी घर ही विश्रांतीची जागा झाली. तुमची नोकरी त्याच घरात आहे आणि तिला रिटायरमेंट नाही. जिथून ओटा दिसतो तिथे तुम्ही अर्ध्याच बसता. एक कान शिट्ट्या मोजत असतो.

थिएटरात अडीच तास तुमच्याकडे कुणी चहा मागू शकत नाही. मला वाटतं मोठा पडदा, आवाज, एसी हे सगळं त्याच्या मागून येतं. बायकांच्या बाबतीत हे आजचं नाही. १८९६च्या जुलैत मुंबईत ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचे पहिले खेळ झाले. आधी वॉटसन हॉटेलात, मग लगेच नॉव्हेल्टी थिएटरात. नॉव्हेल्टीत पडदानशीन बायका आणि त्यांच्या घरच्यांसाठी वेगळे बॉक्स राखून ठेवले होते. म्हणजे सिनेमा या देशात येऊन महिना व्हायच्या आत घराबाहेर पडायला निमित्त शोधणाऱ्या बायका तिथे पोचतील, हे धंदेवाल्यांनी ओळखलं होतं. पुढे आपल्या आया-मावश्या तीनच्या खेळाला जायच्या, त्या काही नुसत्या नायकासाठी जायच्या असं मी मानत नाही.

तेव्हा यजमानांशी बोलताना पडदा मोठा की टीव्ही मोठा या वादात शिरूच नका. त्यात तुम्ही हराल. ‘टीव्हीबद्दल माझी काही तक्रार नाही. शनिवारी मी पाच वेळा उठले, तुम्ही एकदाही नाही. मला एक अख्खा पिक्चर बघायचाय.’ एवढं बोला आणि गप्प बसा. ‘पण तुम्हाला आवडत नसेल तर राहू दे’ असं शेपूट जोडायची आपल्याला सवय असते. ते या वेळी जोडू नका.

आता त्यांचंही ऐकून घ्या. साठीच्या आसपासचा माणूस थिएटरला नाही म्हणतो तेव्हा तोंडाने पैशांचं कारण देतो, पण मनातलं कारण पुष्कळदा वेगळंच असतं. कुणाला अडीच तास लघवी धरवत नाही आणि रांगेतल्या दहा जणांचे गुडघे ओलांडून जायची लाज वाटते. कुणाला अंधारात पायऱ्या दिसत नाहीत. काहींना त्या आवाजाने छातीत धडधडतं. काहींना मोबाइलवर तिकीट काढताना ओटीपी आणि सीट निवडणं यांत गडबड होते आणि मुलाला फोन करून विचारायचा कमीपणा वाटतो. पगार थांबल्यावर दर खर्चाकडे दोनदा पाहण्याची सवय लागते, तीही आहेच. यातलं कुठलं तुमच्याकडे लागू आहे ते मला इथून कळणार नाही. चिडवल्यासारखं न विचारता सहज विचारा. बऱ्याच गोष्टींना साधा उपाय असतो. कडेची सीट, तीही मधल्या रांगेच्या कडेची. मध्यंतर तर आपल्याकडे असतंच, बाहेरच्या देशांतल्या सिनेमांनाही आपण ते जबरदस्तीने पाडतो. या एका बाबतीत आपण जगाच्या पुढे आहोत असं माझं प्रामाणिक मत आहे. आणि दिवे मालवायच्या आधी जागेवर जाऊन बसलं की पायऱ्यांचा प्रश्न राहत नाही.

पैशांचं बोलू. २२ सप्टेंबर २०२५ ला तुमच्या टीव्हीचा कर उतरला, त्याच दिवशी १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. शंभराच्या वरच्या तिकिटावर मात्र १८ टक्के तसाच राहिला. मल्टिप्लेक्सला जाणाऱ्याच्या हाती काही पडलं नाही, टीव्ही घेणाऱ्याचा कर मात्र २८ वरून १८ टक्क्यांवर आला. सरकारसुद्धा यजमानांच्या बाजूने आहे म्हणायचं. पॉपकॉर्नवर ५ टक्केच जीएसटी आहे, जुलै २०२३ मध्ये जीएसटी परिषदेने ते स्पष्ट केलं होतं. म्हणजे तो टब महाग आहे याचा दोष कराकडे जात नाही. तिकिटाच्या पैशांतला मोठा वाटा वितरकाला द्यावा लागतो, खाण्याचे पैसे थिएटरकडेच राहतात. त्यांची खरी कमाई तिथे आहे. तुम्ही न खाता आलात की तुमच्यापुरता तो खर्च शून्य.

मग उरतं तिकीट. शनिवार-रविवार संध्याकाळचं आणि बुधवार दुपारचं तिकीट यांत चांगलाच फरक असतो. ऑनलाइन काढलं तर प्रत्येक तिकिटामागे सोयीचे म्हणून वेगळे पैसे लागतात, खिडकीवर ते वाचतात आणि दुपारच्या खेळाला खिडकीवर गर्दी नसते. समजा दोघांचे ५०० रुपये झाले. टीव्ही आणि साऊंडबार मिळून ८० हजार पडले असं धरलं, तर तेवढ्यात तुम्ही दोघं १६० वेळा थिएटरात गेला असतात. महिन्याला एकदा म्हटलं तर तेरा वर्षं. ओटीटीची वर्गणी आणि इंटरनेटचं बिल मी यात धरलेलंही नाही. हा हिशेब यजमानांच्या तोंडावर मारू नका. घेतलेल्या वस्तूचा हिशेब काढून संसारात कुणाचं भलं झाल्याचं ऐकिवात नाही. तुमच्या मनातली टोचणी जावी म्हणून दिलाय.

शनिवार पेठ म्हणालात म्हणून सुचवते. अप्पा बळवंत चौकाजवळचं ‘प्रभात’ तुमच्या माहेरच्या अंगणातलंच. १९३४ साली किबे लक्ष्मी या नावाने उघडलं, पुढे प्रभात फिल्म कंपनीकडे आलं आणि मराठी सिनेमाचं हक्काचं घर झालं. २०१४च्या अखेरीस करार संपला, थिएटर मूळ मालकांकडे गेलं आणि पुन्हा किबे लक्ष्मी झालं. पिंपरीहून सुटणारी मेट्रो सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटपर्यंत जाते. मंडईला उतरलात की पायी जाण्याइतकं अंतर आहे. पार्किंगचा प्रश्न तिथेच मिटला. तिथे काय लागलंय ते आधी पाहून घ्या. यजमानांना मॉलमधल्या सरकत्या जिन्यांचा आणि सेल्फ-सर्व्हिसचा कंटाळा असेल तर असं एकपडदा थिएटर त्यांना अधिक मानवेल. खुर्च्या मल्टिप्लेक्सइतक्या मऊ नसतात, हे मात्र सांगून न्या.

आठ आठवड्यांच्या मुद्द्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तो अर्धाच खरा आहे. हिंदी चित्रपट लावताना मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या अट घालतात की आठ आठवडे तो ओटीटीवर येता कामा नये. दक्षिणेतले बरेच चित्रपट चारच आठवड्यांत येतात. मराठीचं गणित यात बसत नाही. मराठी चित्रपटाला ओटीटीचा सौदा मिळेलच याची खात्री नसते. काही वर्षभराने कुठेतरी दिसतात, काही दिसतच नाहीत. आणि थिएटरात? पहिल्या शुक्रवार ते रविवारच्या गल्ल्यावर सोमवारचे खेळ ठरतात. दुसऱ्या शुक्रवारी दोन खेळ राहतात, एक सकाळी साडेनऊचा आणि एक गावाबाहेरच्या मल्टिप्लेक्समध्ये. राज्य सरकारने २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळात मराठी चित्रपटाचा खेळ लावायला सांगितलं होतं. तेव्हा भर दुपार हा कसला प्राइम टाइम म्हणून खूप चेष्टा झाली. पण तुमच्या मैत्रिणींच्या घोळक्याचा प्राइम टाइम तोच आहे! तेव्हा ‘थांब, येईल घरी’ हे मराठीबाबत ऐकू नका. मराठी चित्रपट पाहायचा तर पहिल्या आठवड्यात, तिकीट काढून.

एक रूढ सल्ला सगळे देतात: लढाया, घोडे, स्फोट असलेले थिएटरात बघा, छोटे घरगुती सिनेमे टीव्हीवर. मला तो पटत नाही, खरं तर उलटंच वाटतं. तुमच्याकडे आता मोठा टीव्ही आहे, साऊंडबार आहे, घोडे त्यावर बरे दौडतील. विनोदी सिनेमा मात्र घरी निम्मा मरतो. दोनशे माणसं एकदम हसतात तेव्हा आपल्यालाही हसू येतं. सोफ्यावर दोघंच असलो की आपण नुसतं ‘बरा आहे’ म्हणतो. भुताचा सिनेमाही तसाच, घरी ट्यूबलाइट लावून कसली भीती वाटणार. आणि संथ, कमी बोलणारे सिनेमे तर थिएटरातच पाहावेत. घरी असल्या सिनेमाच्या दहाव्या मिनिटाला हात मोबाइलकडे जातो. तो सिनेमा कंटाळवाणा असतो असं नाही, त्याला सवड लागते आणि घरी ती कुणी देत नाही. उलट सबटायटल वाचून समजून घ्यायचे परदेशी सिनेमे, जुने कृष्णधवल, तीन-साडेतीन तासांचे अवाढव्य ऐतिहासिक, हे सगळं घरी. एखादं दृश्य कळलं नाही तर मागे नेता येतं, आणि त्यासाठी यजमानांना घोरू द्यावं.

घरच्या सिनेमालाही थोडी शिस्त लावा. तो सोडायचा नाहीच आहे, सासूबाईंना तोच सोयीचा. वार आणि वेळ ठरवा, आणि स्वयंपाक आधी उरकून घ्या किंवा त्या दिवशी साधी खिचडी करा. मोबाइल दुसऱ्या खोलीत. मुलाला सांगून ठेवा की शनिवारी साडेसहा ते साडेनऊ आईला फोन करायचा नाही, बाबांनाही नाही. मध्ये एकदाच थांबायचं, मध्यंतराला. त्यात चहा यजमान करतील. बेल वाजली तर ते उठतील, आईची गोळी तेच देतील. शेवटी त्यांचीच आई आहे, आणि कोणती गोळी कधी द्यायची हे आतापर्यंत त्यांना ठाऊक नसेल तर यानिमित्ताने होईल. तुमच्यासाठी सिनेमा एकदाही थांबवायचा नाही, कारण तुम्ही उठणारच नाही. पहिल्या दोन शनिवारी तुम्हालाच हे जड जाईल. चहात साखर किती घातली ते बघायला उठावंसं वाटेल. बसून राहा.

सासूबाईंना ऐकायला कमी येत असेल तर टीव्हीवर कॅप्शन लावा. मराठीत ती क्वचितच मिळतात, हिंदी चित्रपटांना इंग्रजीत बऱ्याचदा असतात. थिएटरांसाठीही माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. ऐकू न येणाऱ्यांसाठी कॅप्शन, दिसत नसणाऱ्यांसाठी ध्वनिवर्णन, म्हणजे पडद्यावर काय चाललंय ते सांगणारा आवाज, असं त्यात आहे. प्रत्यक्षात खिडकीवरच्या मुलाला यातलं काही ठाऊक असण्याची आशा मी धरत नाही. तुम्ही विचारून मात्र बघा. कुणी विचारतच नाही म्हणून ते कागदावर राहतं.

आता बुधवार. जा, बाई! यजमानांचं तोंड उतरतं त्यात टीव्हीचा अपमान थोडा असेल, पण माझा अंदाज असा की घरात दुपारी एकटं काय करायचं हे त्यांना अजून उमगलेलं नाही. इतकी वर्षं त्यांची दुपार कारखान्यात गेली. तुम्ही बाहेर पडलात की घरात ते आणि आई, आणि आई झोपलेली. हा त्यांचा प्रश्न खराच आहे, पण तुमचं बाहेर जाणं बंद करून तो सुटणार नाही. त्यांचे कारखान्यातले जुने सोबती आसपासच असतील. बुधवारी त्यांनीही कुठे जावं, किंवा त्यांनाच घरी बोलवावं आणि तो टीव्ही मिरवावा. क्रिकेट असेल तर उत्तमच. जाताना पोळी-भाजी झाकून, कोशिंबीर फ्रीजमध्ये, ताक वाटीत अशी जय्यत तयारी करून जाऊ नका. माणूस ६० वर्षांचा आहे, वरण-भात गरम करून घेईल आणि आईलाही वाढेल. तुम्ही आधीच राबून निघालात तर सिनेमात पहिला अर्धा तास डुलक्या घ्याल.

मैत्रिणींना एखादा सिनेमा नको असेल आणि तुम्हाला हवा असेल, तर एकटीने जायलाही हरकत नाही. दुपारच्या खेळाला बरेचजण एकेकटे येतात, कुणी कुणाकडे बघत नाही. यजमानांना महिन्यातून एकदा सोबत न्या. पहिला सिनेमा त्यांच्या आवडीचा निवडा, त्यातही विनोदी असेल तर फार बरं. आवडला नाही तर परतीच्या मेट्रोत दोघांनी मिळून त्याला शिव्या घाला. त्यालाही मजा असते, आणि घरी पाहिलेल्या सिनेमाला आपण एवढ्या चवीने शिव्या कधी घालत नाही.

ता. क. चं उत्तर. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बाहेरचे खाद्यपदार्थ आणू न देण्याचा हक्क थिएटरमालकाला आहे. त्यामुळे डबा अडवला तर कायद्याने तुमची बाजू लंगडी पडते. पण पिण्याचं स्वच्छ पाणी त्यांनी फुकट द्यायलाच हवं, आणि तान्ह्या मुलाचं खाणं आईबापांना नेऊ द्यावं, हेही त्याच वेळी ठरलं. पाण्याची बाटली विकत घ्यायला लावत असतील तर ‘फुकटचं पाणी कुठे आहे’ असं सरळ विचारा. बहुतेक ठिकाणी कोपऱ्यात कूलर असतो, पाटी मात्र दिसेल अशी नसते. शुगरसाठी थोडे फुटाणे किंवा चार बिस्किटं आणि साखर कमी झाली तर लागणारं काही जवळ ठेवायचं असेल, तर रांगेत वाद न घालता मॅनेजरला बोलावून शांतपणे सांगा. औषधाची चिठ्ठी पर्समध्ये असू द्या. माणुसकीने बहुतेकजण सोडतात, हक्काने सोडतीलच असं नाही. आणि तिकिटावर १२ लिहिलं असलं तरी जाहिराती, ट्रेलर आणि राष्ट्रगीत होऊन सिनेमा सुरू व्हायला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. बंगळुरूत अशाच २५ मिनिटांसाठी एक प्रेक्षक ग्राहक आयोगात गेला आणि २०२५ मध्ये जिंकलाही, मग उच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. तेव्हा अडीच तासांचा सिनेमा मध्यंतर धरून तीनला संपेल असं समजा आणि साडेअकराला भाजी-भाकरी खाऊनच निघा. जेवणाआधीची गोळी असेल तर तिची वेळ त्या हिशेबाने एकदा तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.